उन्हाळी पार्टीसाठी ताज्या फळांची मार्गारिटा: हापूस आणि कलिंगड

रानजाई
मे महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी पुण्यात गच्चीवर १५ जण जमणार आहेत. ११ घेणारे, ४ न घेणारे. बाटलीतलं सिरप न वापरता ताज्या फळांची मार्गारिटा करायची आहे, एक हापूसची आणि एक कलिंगडाची. करून पाहिली तेव्हा हापूसची पेल्यात आमरसासारखी बसली, स्ट्रॉमधून वर येईना. कलिंगडाची दहा मिनिटांत पाणी झाली, वर फेस आणि खाली गुलाबी पाणी. प्रमाण ५० मिली टकिला, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचं लिकर), १५ मिली लिंबाचा रस हे नेहमीचंच होतं, त्यात फळ वाढवलं. कुठे चुकतंय? आणि एवढ्या जणांसाठी आधी काय काय करून ठेवता येईल?

मिठागर
तुमचं मूळ प्रमाण बरोबर आहे, पण ते फळाशिवायच्या मार्गारिटाचं आहे. फळ आलं की साखर वाढते, आंबटपणा मात्र तेवढाच राहतो. हापूसमध्ये आंबटपणा अगदी कमी, त्यामुळे लिंबू वाढवलंच पाहिजे. एका ग्लासाला हे धरा:

हापूस: टकिला ४५ मिली, ट्रिपल सेक १५, लिंबाचा रस २५, गर ६०, चिमूटभर मीठ.
कलिंगड: टकिला ४५, ट्रिपल सेक १५, लिंबाचा रस २०, गाळलेला रस ७५, साखरेचा पाक ५ ते १०, चिमूटभर मीठ. पाक म्हणजे एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम करून गार केलेला.

आंब्याचा गर मिक्सरमधून काढू नका. मिक्सरमध्ये त्यात हवा भरते आणि तो फुगून घट्ट होतो, तुमचा पेला बसला तो बहुधा त्यामुळेच. पुरणयंत्राची बारीक जाळी लावून गर काढा, म्हणजे सळसळीत निघतो. पायरी घेतलीत तर रस जास्त आणि चव थोडी आंबटसर, पण रेषा असतात, म्हणून दोनदा गाळायला लागतो. हापूस मात्र कापूनच घ्या, नुसता पिळू नका. साका, म्हणजे गरातला आतून बिघडलेला भाग, बाहेरून कळत नाही. कापल्यावर कोयीजवळ पांढरट, बुचासारखा भाग दिसला तर तेवढा काढून टाका. तो गरात मिसळला तर सगळ्या जगला कच्चट आंबट चव येते आणि मग साखर घालूनही ती जात नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. शेकरमध्ये बर्फाबरोबर हलवताना पेयात साधारण पाव हिस्सा पाणी उतरतं आणि ते लागतंच. जगमध्ये आधी करून ठेवलं तर हे पाणी मिळत नाही. म्हणून हापूसच्या जगमध्ये एका ग्लासामागे ३० ते ३५ मिली गार पाणी घाला. कलिंगडाला वेगळं पाणी अजिबात नको, त्या फळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

१२-१२ ग्लास धरले तर सामान असं: टकिला १०८० मिली, म्हणजे ७५० च्या दोन बाटल्या. ट्रिपल सेक ३६० मिली. लिंबाचा रस ५४० मिली. आपलं कागदी लिंबू मे महिन्यात १० ते १२ मिलीच देतं, म्हणून ५५ लिंबं घ्या. पिळण्याआधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा, बराच फरक पडतो. गर ७२० मिली लागेल, त्याला ६-७ हापूस पुरतात, पण न घेणाऱ्यांसाठी आणि साक्यासाठी धरून डझनभर आणा. तीन किलोचं एक कलिंगड पुष्कळ झालं.

टकिलाच्या बाटलीवर १०० टक्के अगावे (म्हणजे घायपात, टकिला त्यापासूनच करतात) लिहिलेलं पाहा. तसं लिहिलेलं नसेल तर निम्म्याच्या आसपास साखर दुसरीकडची असू शकते, आणि ताज्या फळाबरोबर तो उग्रपणा लगेच कळतो. आपल्या दख्खनवरच्या घायपातापासूनही चांगली मद्यं होतात. टकिला हे नाव मेक्सिकोसाठी राखीव असल्याने त्यांना ते लावता येत नाही, पण या पेयात ती छान चालतात.

गोठणबिंदू
कलिंगडाबद्दल. फेस आणि पाणी वेगळं झालं, कारण मिक्सर जोरात आणि जास्त वेळ चालला. बटण उलटीकडे फिरवून तीन-चार झटके द्या, बस. बियाही फुटत नाहीत, फुटल्या तर रस तुरट होतो. मग बारीक गाळणीतून न दाबता गळू द्या. रस आटवून दाट करावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, शिजलेल्या कलिंगडाला दुधीसारखा वास येतो.

पातळपणावर खरा उपाय म्हणजे बर्फाऐवजी कलिंगडच. बिया काढून दोन सेंटिमीटरच्या फोडी करा, ताटात एकमेकींना न चिकटता पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पेल्यात पाच-सहा फोडी आणि वर जगमधलं मिश्रण. फोडी वितळल्या तरी कलिंगडच मिसळतं.

हापूस फ्रोझन करायचा असेल तर मद्याचं प्रमाण सांभाळा. मिठागर यांच्या प्रमाणात, पाणी न घालता, मद्यार्क साधारण साडेसोळा टक्के येतो. एवढ्याला घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशाला, ते नीट धरत नाही. ग्लासामागे पाणी ३५ ऐवजी ६० मिली केलं की मद्यार्क १२ टक्क्यांच्या आसपास येतो. मिश्रण जाड झिप पिशव्यांत भरून आडवं ठेवा, रात्रभरात भुसभुशीत बर्फ होतो. वाढताना पिशवी बाहेरूनच चोळायची आणि ओतायची, मिक्सर लागत नाही. पाणी विसरलात तर सरबत, जास्त झालं तर दगड.

साखरेचंही तसंच. साखर कमी पडली की बर्फाचे टोकदार कण होतात आणि जिभेवर करकरतात. १९७१ मध्ये अमेरिकेत डॅलसमध्ये रेस्टॉरंटवाले मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात मार्गारिटा केली ती याच कटकटीतून: ब्लेंडरमधून प्रत्येक ग्लास वेगळा येत होता. यंत्रात मिश्रण नीट धरायला साखरेचं प्रमाण जुळावं लागतं. ते यंत्र आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

मिक्सरमध्येच बर्फ फिरवायचा असेल तर आख्खे खडे टाकू नका. जाड फडक्यात बांधून बत्त्याने फोडा, भांडं अर्धंच भरा, दहा-दहा सेकंद फिरवा. नाहीतर पाती बोथट होतात, मोटर तापते आणि मिश्रणही कोमट होतं.

रानजाई
खूप उपयोगी. ट्रिपल सेक महाग पडतंय, त्याला काही पर्याय आहे का? मधाने चालेल का? आणि कडेचं मीठ मागच्या वेळी पाणी सुटून खाली ओघळलं.

सालपापुद्रा
मध नको, आंब्याचा वास दबतो. काकवी तर अजिबातच नको. दोन मार्ग आहेत.

पहिला: जाड सालीच्या तीन संत्र्यांची साल सोलाण्याने पातळ काढा. फक्त केशरी भाग, पांढरा पापुद्रा आला की कडू. १५० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चुरा, झाकून चार तास ठेवा. साखर तेलकट ओली होते आणि खोलीभर संत्र्याचा वास सुटतो. मग १०० मिली गरम पाणी घालून विरघळवा, गाळा. ट्रिपल सेकच्या १५ मिलीऐवजी हे १० मिली आणि टकिला ४५ ची ५०. कलिंगडाला हेच घ्या, वरचा पाक वगळा.

दुसरा: हापूसमध्ये संत्रं घालूच नका. सॅन फ्रान्सिस्कोची टॉमीज मार्गारिटा संत्र्याच्या लिकरशिवायच असते, टकिला, लिंबू आणि अगावेचा पाक. हापूसला स्वतःचा इतका वास असतो की माझ्या मते संत्र्याची तिथे गरजच नाही.

मिठाचं: बारीक टेबल सॉल्ट लगेच पाणी धरतं आणि खारटही फार लागतं. जाडं मीठ किंवा सैंधव जरा भरड कुटून घ्या. कडेला पाणी नाही, लिंबाची फोड फिरवा, आणि फक्त बाहेरच्या बाजूने, अर्ध्याच कडेला. आत मीठ पडलं की पेय बिघडतं, आणि ज्याला मीठ नको त्याला दुसरी बाजू मोकळी राहते. मीठ लावून पेले फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर काचेवर दव येतं आणि तेच ओघळतं. कोरडे पेले गार करा, मीठ वाढताना लावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे आधी करताच येत नाही. हापूसच्या पेल्याला चार भाग मीठ, एक भाग ब्याडगी तिखट. कैरीला आपण तिखट-मीठ लावतो, मेक्सिकोत आंब्याला लावतात, जोडी तीच आहे.

मिठागर
काही राहिलेल्या गोष्टी.

लिंबं घरात पिळा, गच्चीवर उन्हात नाही. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात, डाग आठवडेच्या आठवडे राहतात. पिळणाऱ्याने हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. रस त्याच दिवशी दुपारी काढा, रात्रभर ठेवला तर कडवट होतो.

जग काचेचा किंवा स्टीलचा. तांब्या-पितळेत हे आंबट मिश्रण ठेवू नका.

चव गार करण्याआधी घेत असाल तर ती थोडी जास्त गोड लागली पाहिजे, थंडपणाने गोडी कमी जाणवते. हापूसचा गर तळाशी बसतो, प्रत्येक वेळी ओतण्याआधी जग ढवळा.

विकतचा बर्फ घेताना खाण्याचा आहे ना ते पाहा. महाराष्ट्रात न खाण्याचा बर्फ निळसर रंगवायचा नियम आहे. १५ जणांना मे महिन्यात १० किलो लागतो, त्यातला अर्धा नुसता जग आणि पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला.

आणि एका ग्लासात ६० मिली मद्य आहे, म्हणजे एक मोठा पेग. फळामुळे ते जिभेला कळत नाही, गरम्यात तहान म्हणून भराभर प्यायलं जातं. ग्लास २०० मिलीचेच ठेवा, प्रत्येक फेरीबरोबर पाणी द्या, गाडी चालवणाऱ्यांना आधीच विचारा. राज्यात कडक मद्यासाठी वयाची अट २५ आहे आणि परवाना लागतो, तोही काढून ठेवा.

सालपापुद्रा
न घेणाऱ्या चौघांसाठी वेगळं सरबत नको, पेला तसाच दिसू दे. एका ग्लासाला: कैरी उकडून काढलेला गर २० मिली, हापूसचा गर ४०, पाक १५, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, वर १२० मिली गार सोडा. कैरीचाच आंबटपणा पुरतो, लिंबू घालू नका. कलिंगडाला रस १२०, कोकम आगळ १०, पाक १०. आगळात मीठ असतंच, म्हणून वेगळं मीठ नको आणि कडेलाही नको. सोडा शेवटी आणि पेल्यातच घाला, जगमध्ये घातला तर दुसऱ्या फेरीपर्यंत मरतो. दोन्हींच्या जगच्या मुठीला पुदिन्याची काडी बांधा, मद्याच्या जगला नको, म्हणजे अंधार पडल्यावर अदलाबदल होणार नाही.