दिवसभर खुर्चीत, तरी काम तिथल्या तिथेच. काय करावं?

आकडेमोड:
मी अकाउंट्सला आहे. दिवसभर जागची हलत नाही, तरी संध्याकाळी बघावं तर सकाळी उघडलेलं बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या नोंदी जुळवणं) अर्धवटच. परवा २१४ व्या ओळीपर्यंत टिक करत आले होते. फरक ६३ चा. त्याला ९ ने भाग जातो, म्हणजे बहुधा कुणीतरी दोन आकडे उलटसुलट टाकलेत हे कळलं होतं, नोंद तेवढी सापडायची होती. तेवढ्यात चॅट आला, "ते इन्व्हॉइस पाठव ना पटकन." पाठवलं. परत आले तर डोकं कोरं. पुन्हा वरपासून सुरुवात. एका दिवसात तीनदा असं झालं, रडू यायचं बाकी होतं. माझ्यातच काही कमी आहे का?

शांतकोपरा:
पोमोडोरो करून बघा. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून हे सुरू केलं. मला रिपोर्ट लिहिताना फार उपयोग होतो.

पेन्सिल:
तुमच्यात काहीही कमी नाही, हे आधी डोक्यातून काढा. मी पेरोलला, म्हणजे पगाराच्या हिशेबाला, १४ वर्षं आहे. टायमर मीही लावला होता, पण टेबलाशी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचं काय? सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये यावर संशोधन मांडलं: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो. पुढे तिनेच दाखवलं की उठण्याआधी "कुठे थांबलो, पुढे काय" एवढं लिहून ठेवलं तर तो अडकलेला तुकडा बराचसा सुटतो.

मी कीबोर्डच्या डाव्या बाजूला पाठकोऱ्या कागदांची चळत ठेवते. कुणी हाक मारली की "दहा सेकंद हं" म्हणायचं आणि लिहायचं. तुमच्या बाबतीत: "ओळ २१४ झाली. फरक ६३, आकडे उलटे. पुढे २१५ पासून." बस. नुसतं "रिकन्सिलिएशन बाकी" लिहून भागत नाही, पुढची कृती हवी. लिहिल्याशिवाय मान वळवायची नाही. याची सवय लागायला मला महिना लागला, समोरच्याला मात्र कधी राग आला नाही.

आणि मेलचा पॉप-अप बंद करा. ग्लोरिया मार्क या संशोधिका स्क्रीनवर लक्ष किती टिकतं हे २००४ पासून मोजत आल्या आहेत. तेव्हा माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडे ४७ सेकंद. त्यातले जवळजवळ निम्मे व्यत्यय आपले आपणच आणतो.

आकडेमोड:
पण साहेबांना चॅटला लगेच उत्तर लागतं हो.

पेन्सिल:
थेट विचारा. "मंथ-एंडला ११ ते १२ चॅट बंद ठेवू का? तातडीचं असेल तर फोन करा." मी विचारलं तेव्हा माझे साहेब लगेच हो म्हणाले. त्या तासात फोन क्वचितच येतो.

आकडेमोड:
आज तीनदा उठवलं, तीनदा लिहून उठले. सापडली! २३१ वी ओळ, ५,४८१ च्या जागी ५,४१८. साहेबांशी उद्या सकाळी बोलते.