ऑफिसला सायकलने जाताना मोठा हॉर्न लावावा का साधी घंटीच बरी?

रोजचा_पेडलवाला

नमस्कार मंडळी. मी रोज सायकलने ऑफिसला जातो, निम्मा रस्ता गाड्यांचा आणि निम्मा असा की चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे, लहान मुलं सगळे एकाच पट्ट्यावर. सायकलला सध्या अंगठ्याने टिंग करायची छोटी घंटी आहे. चालणाऱ्यांना ती ऐकू जाते पण गाडीवाल्यांना अजिबात नाही, काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, त्यात माझी टिंग कुठे पोचणार! परवा एक गाडी मला ओव्हरटेक करून लगेच माझ्यासमोरूनच वळली, मी घंटी वाजवतोय वाजवतोय आणि त्याला पत्ताच नाही, शेवटी करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचलो.

तेव्हापासून डोक्यात आहे की हवेवर चालणारा मोठा हॉर्न घ्यावा, एअरझाउंड वगैरे, किंवा तो चार्जिंगवाला इलेक्ट्रॉनिक. पण मग चालणाऱ्यांच्या पट्ट्यावर त्याचं काय करायचं? तिथे तो वाजवला तर लोक दचकून उडतील. दोन्ही लावावं का? हँडलवर एवढी गर्दी झाली तर ऐनवेळी हात चुकतो का? कुणी रोज वापरत असेल तर सांगा प्लीज.

लांबचा_पल्ला

घ्या, बिनधास्त घ्या. माझ्याकडे हवेचा हॉर्न आहे आणि आता त्याच्याशिवाय मेन रोडवर जायला नको वाटतं. प्लास्टिकची बाटली असते, ती पाण्याच्या बाटलीच्या जागी किंवा फ्रेमला पट्ट्याने बांधायची, तिच्यातून एक नळी हँडलवरच्या भोंग्यापर्यंत येते, आणि साध्या सायकलच्या पंपाने हवा भरायची. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. कंपनी ११५ डेसिबल म्हणते आणि वाजवल्यावर ते खोटं वाटत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग कुठे होतो सांगू का, गल्लीच्या तोंडाशी. गाडीचं नाक हळूहळू बाहेर येत असतं, ड्रायव्हर लांबून येणाऱ्या मोठ्या गाड्यांकडे बघत असतो, आपण त्याच्या नजरेतच नसतो. तिथे अर्धा सेकंद बटण दाबलं की गाडीचं नाक जागच्या जागी थांबतं, पुढचं बंपर खाली दबतं बघा ब्रेक लागल्यावर, ते दिसलं की समजायचं आपला आवाज पोचला. पार्किंगमधून रिव्हर्स येणाऱ्या गाड्यांनाही तसंच. घंटीने हे होत नाही म्हणजे नाही.

चालणाऱ्यांवर मात्र मी तो कधीच वाजवत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूला घंटी आहे.

पायी_आणि_चाकावर

मी सायकलही चालवते आणि त्याच पट्ट्यावर रोज चालतेही, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. मागून अचानक भोंगा वाजला की माणूस विचार करत नाही, अंग आपोआप आखडतं नाहीतर उडी मारतं, आणि उडी कुठल्या बाजूला जाईल ते त्या माणसालाही माहीत नसतं. म्हणजे ज्याला बाजूला करायला तुम्ही हॉर्न वाजवलात तोच तुमच्या चाकाखाली यायची शक्यता वाढते. माझ्या सासूबाई गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालतात, त्यांना असं कुणी दचकवलं तर त्या पडतील, सरळ पडतील, आणि त्या वयात पडणं म्हणजे काय ते घरात म्हातारं माणूस असलेल्या कुणालाही विचारा.

आणि दादा, तुमच्या गाडीच्या प्रसंगात तुम्हाला वाचवलं कोणी? ब्रेकने. घंटी वाजवत होतात तेवढा वेळ एक हात ब्रेकपासून लांब होता ना? हॉर्न मोठा असता तरी तेच झालं असतं. मला हॉर्नवाल्यांबद्दल हीच भीती वाटते की हळूहळू हातात बटण आलं की वेग कमी करायची सवय जाते, पुढचा सरकेल असं गृहीत धरून माणूस तसाच जात राहतो. हॉर्न ज्याला लावायचा त्याने लावावा पण आधी ब्रेक, मग आवाज. हा क्रम उलटा झाला की संपलं.

लांबचा_पल्ला

ताई, क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत. पण दोन्ही एकदम करता येतं. माझं बटण ब्रेकच्या दांड्याला लागूनच आहे, चार बोटं ब्रेकवर आणि अंगठा बटणावर, काहीच सोडावं लागत नाही. घंटी लांब बसवली असेल तर मात्र तुम्ही म्हणता तो प्रॉब्लेम आहे, मग ती घंटी असो की हॉर्न.

आवाज_मोजणारा

थोडं आवाजाचं गणित सांगतो, कारण यात बरेच गैरसमज आहेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो, म्हणजे एका मीटरच्या दहापट अंतरावर २० डेसिबलने. साधी बरी घंटी एका मीटरवर ८५ च्या आसपास धरली तर १० मीटरवर ६५ उरतात. बंद काचांची गाडी त्यातले आणखी २५-३० खाते. उरले ३५-४०, आणि चालत्या गाडीच्या आत टायरचा, इंजिनचा, एसीचा आवाज मिळून सहज ६० च्या वर असतो, म्हणजे घंटी त्यात पार बुडून जाते. ड्रायव्हर कितीही सज्जन असला तरी त्याच्या कानापर्यंत ती येतच नाही. ११५ वाल्या हॉर्नचे १० मीटरवर ९५ उरतात, काचेतून आत ६५-७०, तो ऐकू येतो. त्यामुळे गाड्यांसाठी मोठा आवाज लागतो हे लांबचा_पल्ला यांचं म्हणणं बरोबरच आहे.

पण हेच गणित चालणाऱ्याला लावून बघा. तुम्ही त्याच्या मागे २ मीटरवर असताना तो हॉर्न वाजवला तर त्याच्या उघड्या कानाला १०९ मिळतात. कामाच्या जागी आवाजाची जी शिफारस अमेरिकेची नायॉश ही संस्था देते त्यात ८५ डेसिबल दिवसाला ८ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, १०० ला १५ मिनिटं, ११५ ला अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी. आणि तुमचा स्वतःचा कान त्या भोंग्यापासून एक मीटरसुद्धा लांब नसतो हे लक्षात ठेवा! भोंग्याचं तोंड पुढे हवं, किंचितही वर तुमच्या चेहऱ्याकडे नको.

अजून एक, सूर. घंटीचा आवाज बारीक असतो. वय वाढतं तसं माणसाला आधी बारीक सूर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे जी घंटी तुम्हाला खणखणीत वाटते ती आजोबांना नुसती कुजबुज वाटू शकते. जाड, मोठ्या वाटीच्या घंटीचा सूर खाली असतो, डिंग-डाँग वाल्या घंटीचाही, ज्येष्ठ मंडळी जास्त असतील त्या रस्त्यावर तीच घ्यावी. हेडफोनवाल्यांचं म्हणाल तर नॉइज कॅन्सलिंग मुख्यतः घरघर, गुणगुण असे खालचे सतत येणारे आवाज कापतं, बारीक आवाज कानात बसलेलं बूच अडवतं आणि वरून गाणं चालू असतं. त्यांच्या बाबतीत घंटी ऐकू गेलीच नाही असं धरूनच चालवा.

रोजचा_पेडलवाला

बापरे, एवढं डिटेलमध्ये कुणी समजावलं नव्हतं, धन्यवाद. मग गाडीसारखाच आवाज करणारे इलेक्ट्रॉनिक हॉर्न येतात ते कसे? लाउड बायसिकल की काय नाव आहे. आणि हे सगळं कायद्यात बसतं का?

नियम_वाचणारी

कायदा देशागणिक वेगळा आहे त्यामुळे तुम्ही जिथे चालवता तिथला बघून घ्या. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात सायकलला पुरेशा अंतरावरून ऐकू येईल अशी घंटी हवी आणि आवाजाचं दुसरं कुठलंही साधन नको असं स्पष्ट आहे. जर्मनीचा नियमही तसाच, खणखणीत घंटी सक्तीची आणि बाकी काही चालत नाही, म्हणजे तिथे एअरहॉर्न बादच. न्यूयॉर्क राज्यात घंटी किंवा १०० फुटांवरून ऐकू येईल असं दुसरं साधन चालतं, सायरन आणि शिट्टी मात्र चालत नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या नियमांनुसार नवी सायकल विकताना घंटी लावून द्यावी लागते, नंतर ती ठेवायचीच अशी सक्ती नाही. जपानची गोष्ट मला सगळ्यात पटते, घंटी हवीच, पण जिथे वाजवा असा फलक आहे तिथे किंवा धोका टाळायला दुसरा इलाज नसेल तेव्हाच वाजवायची, चालणाऱ्यांना बाजूला करायला नाही.

चालणाऱ्यांच्या पट्ट्यावर आपण पाहुणे असतो असं मला मनापासून वाटतं. तिथे घंटीचा अर्थ "मी येतेय" एवढाच व्हायला हवा, "सरका" असा नाही.

आवाज_मोजणारा

गाडीसारख्या आवाजाचा फायदा असा की ड्रायव्हरचा पाय विचार न करता ब्रेकवर जातो, तो आवाज त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. तोटाही तिथेच आहे, तो मग गाडी शोधतो. आरशात गाडी दिसली नाही की आपल्यासाठी नव्हता म्हणून परत निघतो, आणि तुम्ही तोवर पुढे सरकलेले. म्हणून हॉर्न वाजवून तो थांबला तरी त्याचे डोळे आपल्यावर आले का ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. मोठ्या ट्रकच्या बाजूला तर हॉर्नवर भरवसा ठेवूच नका, ड्रायव्हर उंचावर, इंजिन खाली धडधडतंय, आणि तुम्ही त्याच्या आरशात न दिसणाऱ्या जागेत. तिथे मागेच थांबायचं.

घंटीप्रेमी

सगळे हॉर्नवरच बोलतायत म्हणून घंटीची बाजू घेतो, कारण ऐंशी टक्के लोक घंटी वाईट वापरतात आणि मग म्हणतात चालत नाही. पहिलं म्हणजे घंटी बसवताना वाटी ब्रेकच्या केबलला किंवा हँडलला टेकत नाही ना बघा, जरा जरी टेकली तरी टिंगच्या जागी टक् असा मेलेला आवाज येतो. पावसात वाटीवर पाणी साचलं की तेच होतं, बोटाने एकदा पुसून घ्यायची. पितळेची वाटी घ्या, गुंजत राहते, स्वस्तातल्या पातळ पत्र्याची लगेच विझते. हातोडी आणि खटका अंगठ्याला सहज लागेल असं, पकड न सोडता.

दुसरं, वाजवायची कधी. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ५ मीटरवर आल्यावर घंटी मारली तर समोरच्याला सेकंदसुद्धा मिळत नाही, तेवढ्यात त्याला ऐकू येऊन, कळून, मान वळवून, बाजू ठरवायची असते, दचकणारच तो. तीच घंटी २० मीटर अलीकडे एकदा हलकी वाजवली तर साडेतीन सेकंद मिळतात. मग पेडल मारणं थांबवायचं, वेग कमी करायचा, अजून कळलं नसेल तर जवळ आल्यावर घंटी नाही, तोंडाने बोलायचं, "कडेने जातोय हं". माणसाचा आवाज ऐकून कुणी उडी मारत नाही, वळून बघतात, बरेचदा हसतात. कडकड कडकड सतत घंटी वाजवत जाणाऱ्यांचा मात्र सगळ्यांनाच राग येतो आणि त्यात काही चूक नाही.

आणि कुणी घंटीला हललं नाही तर तो मुद्दाम करतोय असं धरू नका. ऐकू न येणारी माणसं रस्त्यावर असतात, ते पाठीवरून ओळखता येत नाही.

पायी_आणि_चाकावर

+१ शेवटच्या मुद्द्याला. आणि घोडा दिसला तर मागून घंटी नको, हॉर्न तर नकोच नको, लांबूनच बोलत जायचं आणि वळसा घालून हळू पास व्हायचं. कुत्र्याची दोरी लांब सोडलेली असते तिथेही थांबण्याइतका वेग कमी.

रोजचा_पेडलवाला

ठरलं, दोन्ही घेतो. पितळेची घंटी एका बाजूला आणि हवेचा हॉर्न दुसऱ्या बाजूला, हॉर्न फक्त गाड्यांसाठी. @लांबचा_पल्ला, एकच विचारायचंय, हवा किती दिवस टिकते आणि संपली हे कळतं कसं? ऐनवेळी फुस्स झालं तर?

लांबचा_पल्ला

वाजवण्यावर आहे. छोटे छोटे दाबले तर बरेच दिवस जातात, लांब दाबला की भराभर संपते. आवाज आधी चिरका व्हायला लागतो, तो झाला की भरायची. न वापरताही थोडी थोडी निसटते आणि थंडीत दाब उतरतो, म्हणून मी टायरला हवा मारतो तेव्हाच बाटलीतही मारतो, वेगळं लक्षात ठेवायला लागत नाही. बाटलीवर दाबाची मर्यादा लिहिलेली असते, त्याच्या वर जायचं नाही. नळी हँडल पूर्ण दोन्ही बाजूंना वळवून बघूनच बांधा, नाहीतर वळणावर ताणली जाऊन जोडातून निघते. आणि घरात टेस्ट करू नका, बाहेर मोकळ्यावर जाऊन करा, आवाज कमी-जास्त करायची सोय आहे, ती आधी सगळ्यात कमीवर ठेवून सुरुवात करा.