पूर्वव्यावसायिक वर्ग: शिक्षक शेजारी असेपर्यंतच काम होतं, मदत कशी काढून घ्यावी?

रेवा

नमस्कार. विशेष शाळेच्या पूर्वव्यावसायिक वर्गातल्या एका विद्यार्थ्याबद्दल विचारायचं आहे. वय १६. स्वमग्नता आणि मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता. दोन-तीन शब्दांत बोलतो, रोजच्या सूचना कळतात, हातांच्या हालचालीत अडचण नाही.

काम असं आहे: ८ स्क्रू आणि ८ वॉशर मोजून झिपच्या पिशवीत भरायचे, झिप लावायची, पिशवी खोक्यात टाकायची. शिक्षक शेजारी बसले असले की सगळं बिनचूक होतं. ते उठले की एक स्क्रू टाकून थांबतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. 'पुढे काय?' म्हटलं की लगेच पुढचा टाकतो. आयईपीत (त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) 'मदतीने ८० टक्के अचूकता' असं उद्दिष्ट आहे. ते केव्हाच गाठलंय, पण एकट्याने एकही पिशवी पूर्ण होत नाही. दोन वर्षांनी तो शाळेतून बाहेर पडेल. मदत कोणत्या क्रमाने काढायची आणि मधेच अडला तर काय करायचं, हे नेमकं सांगाल का?

असीम

तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. तो स्क्रू टाकून तोंडाकडे बघतो, म्हणजे 'पुढे काय?' हा आवाज त्याच्या लेखी कामाचाच एक टप्पा झालाय. त्याला स्क्रू भरणं येतं, पण तो जे शिकलाय ते असं: 'एक टाक, थांब, आवाज आला की पुढचा टाक.' हा त्याचा हट्ट किंवा आळस समजू नका. मदत द्यायची योजना होती, ती काढायची नव्हती, एवढंच झालंय.

तोंडी सूचना काढणं सगळ्यात कठीण. स्पर्श हलका करता येतो, तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर नेता येतो. बोलणं कितीही हळू केलं तरी ते माणसाकडूनच येतं आणि विद्यार्थ्याची नजर कामावरून उठून माणसाकडे जाते. म्हणून पहिला बदल हा की कामाच्या वेळेत बोलणं पूर्ण बंद. सुरुवातीला एकदा 'काम कर', बस्स.

त्याआधी काम स्वतः करून टप्पे लिहून काढा. आठवून लिहिलेल्या यादीत हमखास काहीतरी सुटतं. या कामात मुलं मोजण्यापेक्षा पिशवीच्या तोंडापाशी जास्त अडतात, कारण एका हाताने तोंड उघडं धरून दुसऱ्याने आत टाकावं लागतं. पिशवी रुंद तोंडाच्या पेल्यात उभी करा आणि तिची कड पेल्याच्या काठावर बाहेरून दुमडा. दोन्ही हात मोकळे होतात. मोजण्यासाठी ८ खळग्यांचा साचा करा: जाड पुठ्ठ्याला किंवा लाकडी पट्टीला ८ भोकं पाडून खाली तळ चिकटवला की झालं. आधी प्रत्येक खळग्यात एक स्क्रू, मग एकेक उचलून पिशवीत. साचा रिकामा झाला की तोच साचा वॉशरसाठी. यात ८ पर्यंत मोजता येण्याची अटच उरत नाही आणि एक खळगा रिकामा दिसला की चूक त्याची त्यालाच दिसते.

टप्पे साधारण असे पडतील: पिशवी उचलणे, उघडणे, पेल्यात बसवून कड दुमडणे, साचा स्क्रूंनी भरणे, स्क्रू पिशवीत टाकणे, साचा वॉशरने भरणे, वॉशर टाकणे, पिशवी पेल्यातून काढणे, झिप लावणे, झिपवरून बोट फिरवून ती बसली का बघणे, पिशवी उजवीकडच्या खोक्यात टाकणे, नवी पिशवी घेणे. एकूण १२. शेवटचा टप्पा बरेच जण लिहीतच नाहीत आणि मग एका पिशवीनंतर मूल थांबतं.

आता मदत. त्याच्या समोर किंवा शेजारी बसू नका, मागे उभे राहा. पहिल्या एक-दोन सत्रांत टप्प्याची वेळ आली की लगेच, न थांबता, कोपराला हलका स्पर्श करून हात योग्य वस्तूकडे वळवा. त्यानंतरच्या सत्रांपासून प्रत्येक टप्प्याला ४ सेकंद थांबा. मनात सावकाश मोजा. त्याने स्वतः सुरुवात केली तर हात लावू नका. ४ सेकंदांत काहीच हालचाल नसेल तर तोच हलका स्पर्श. चुकीची वस्तू उचलायला गेला तर हात वाटेतच थांबवून योग्य वस्तूकडे न्या. 'नाही, नाही' म्हणायचं नाही.

नोंद एका ओळीत होते. प्रत्येक टप्प्यापुढे 'स्व' (स्वतः), 'खू' (खूण), 'स्प' (स्पर्श) किंवा 'धर' (हात धरून) लिहा. १२ पैकी ९ 'स्व' म्हणजे ७५ टक्के. पण टक्क्यांपेक्षा कोणता टप्पा अडलाय ते बघा. एकाच टप्प्यावर सलग दोन सत्रं 'धर' येत असेल तर फक्त त्या टप्प्याची मांडणी बदला, अख्खं काम मागे नेऊ नका.

आणि शाबासकी. प्रत्येक स्क्रूनंतर 'छान!' म्हणणं हीसुद्धा मदतच आहे, तो पुढच्या 'छान'ची वाट बघत थांबतो. शाबासकी पूर्ण पिशवीनंतर द्या, आणि एकट्याने भरलेल्या पिशवीला मदतीने भरलेल्या पिशवीपेक्षा ठळकपणे जास्त.

मुक्ता

असीम यांच्याशी सहमत. एक भर: माणूस काढला की त्याच्या जागी काहीतरी राहायला हवं, नाहीतर पोकळी राहते. एरिक शॉप्लर यांच्या टीच या स्वमग्न मुलांना शिकवण्याच्या पद्धतीतली कामाची मांडणी (अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ही १९७२ पासून राज्यभर वापरात आली) नेमकी यासाठी आहे. टेबलाकडे बघून विद्यार्थ्याला चार गोष्टी कळायला हव्यात: कोणतं काम, किती, संपलं हे कसं ओळखायचं आणि नंतर काय.

डावीकडे फक्त ३ रिकाम्या पिशव्या ठेवा, ढीग नको. उजवीकडे 'झालं' खोकं, झाकण असलेलं आणि वर फटीसारखं भोक पाडलेलं. उघड्या खोक्यातून मुलं भरलेली पिशवी परत काढून उघडतात. टेबलाच्या वरच्या कडेला वेल्क्रोवर एक कार्ड, त्यावर पुढच्या, त्याच्या आवडीच्या गोष्टीचं चित्र. डावी बाजू रिकामी झाली की कार्ड काढून तिकडे जायचं. ३ पिशव्या एकट्याने होऊ लागल्या की ५, मग ८. संख्या वाढवणं आणि मदत काढणं एकाच आठवड्यात करू नका, बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही.

रेवा

मनापासून आभार. साचा आणि पेल्याची युक्ती लगेच करता येईल. दोन शंका. मागे उभं राहूनसुद्धा तो वळून बघतो, त्याचं काय? आणि खरंच अडला, म्हणजे स्क्रू संपले किंवा झिप फाटली, तर तो गप्प उभा राहतो. तेव्हाही ४ सेकंदांचा नियम पाळायचा?

ऋजुता (वाचा-भाषा उपचार)

वळून बघितलं तर तुमची नजर साहित्यावर ठेवा, चेहऱ्यावर भाव नको आणि मान हलवू नका. बहुतेक वेळा शिक्षक नकळत योग्य ट्रेकडे बघतात आणि विद्यार्थी त्यांची नजर वाचतो. ४ सेकंद झाले की कोपराला स्पर्श, नजरेला नजर न देता.

अडण्याचा प्रश्न मात्र वेगळा. तिथे वाट बघणं चुकीचं ठरेल. पुढचा टप्पा येतो पण करत नाही, तेव्हा थांबायचं. पुढचा टप्पा करणं शक्यच नाही, तेव्हा मदत मागायला शिकवायचं. हे काम शिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि वेळापत्रकात याला स्वतंत्र जागा हवी. ज्याला मदत मागता येत नाही, त्याला एकटं सोडणं म्हणजे स्वावलंबन नव्हे.

टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात 'मदत' कार्ड लावा, साधारण ७ सेंटिमीटर चौरस, लॅमिनेट केलेलं. मग मुद्दाम कमतरता ठेवा: एका ट्रेमध्ये ८ ऐवजी ६ च स्क्रू. इथे दोन माणसं लागतात. एक समोर, कार्ड घेणारा. दुसरा मागे, विद्यार्थ्याचा हात कार्डाकडे नेणारा आणि हळूहळू मदत कमी करत नेणारा. पेक्स या चित्रकार्ड देऊन संवाद साधायला शिकवण्याच्या पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात (अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये ती पद्धत मांडली) हीच रचना आहे आणि तिथेही तोंडी सूचना नसते. समोरच्याने 'काय हवं?' विचारलं की विद्यार्थी तो प्रश्न येईपर्यंत थांबायला शिकतो, म्हणजे पुन्हा तुमचीच मूळ अडचण.

कार्ड हातात आलं की क्षणाचाही उशीर न करता दोन स्क्रू द्या. शिकवण्याच्या काळात प्रत्येक वेळी. कमतरता साधारण पाच पिशव्यांत एकदाच ठेवा. जास्त वेळा ठेवलीत तर तो ट्रे न बघताच कार्ड देऊ लागेल. तो बोलतो, त्यामुळे 'स्क्रू संपले' असं म्हटलं तरी चालेल, पण कार्ड काढून टाकू नका. ताण आला की बोलता येणाऱ्या मुलांचीही वाचा आधी बंद पडते.

निषाद (ऑक्युपेशनल थेरपी)

या विद्यार्थ्याला ४ सेकंद योग्य, पण हा धागा इतर शिक्षकही वाचतील म्हणून लिहितो, हा आकडा सगळ्यांना लावू नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला हालचाल ठरवून सुरू करायलाच १० सेकंद किंवा जास्त लागू शकतात. चौथ्या सेकंदाला हात लावलात तर त्याचा प्रयत्न तुम्हीच मोडता. तिथे आधी बैठक बघा: पायांचे तळवे पूर्ण टेकलेले, कंबर आणि गुडघे काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. पाय लोंबकळत असतील तर धड सावरण्यातच ताकद जाते आणि बोटं थरथरतात. आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणतो. साचा आणि पेला न सरकणाऱ्या रबरी चटईवर ठेवा किंवा क्लॅम्पने घट्ट करा.

दिसत नसलेल्या मुलाचा हात वरून पकडू नका. त्याचे हात हेच त्याचे डोळे असतात आणि पकडले की तो ते आखडून घेतो. आपला हात खाली, त्याचा वर, म्हणजे त्याला हवं तेव्हा काढता येतो. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत खुणा आणि कृती एकाच वेळी नको. तो एक तर तुमचे हात बघेल किंवा साहित्य. आधी खूण, मग थांबा, मग कृती.

कामाची पातळी खाली आणण्याची घाई मात्र कुणीच करू नये. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना २४ भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. प्रत्येक भागाची जी बाजू जोडताना समोर यायला हवी ती रंगवलेली होती, एवढा बदल. बोलणं अगदी कमी. विद्यार्थी शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदला, हा त्यांचा आग्रह होता. तुमच्या पिशवीच्या झिपला जिथून सुरुवात करायची त्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावून बघा.

मुक्ता

आता उद्दिष्टाबद्दल, कारण मूळ चूक कागदावर आहे. 'मदतीने ८० टक्के' यात मदत कोणती, किती, कोणाची हे काहीच नाही. त्यामुळे ती आहे तशी राहते. असं लिहा: '३ रिकाम्या पिशव्या, साचा आणि साहित्य टेबलावर मांडलेलं असताना, शिक्षक ३ मीटर दूर, विद्यार्थ्याच्या नजरेबाहेर असताना, १२ पैकी ११ टप्पे स्वतः करेल; सलग ३ दिवस, दोन वेगवेगळ्या शिक्षकांसोबत.' त्याखाली अंतराचे टप्पे: मागे हातभर, १ मीटर, ३ मीटर, दाराबाहेर. प्रत्येक अंतरावर सलग दोन सत्रं टिकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दिवसाची पहिली पिशवी ही चाचणी धरा. तिला कसलीही मदत नाही, ती जशी होईल तशी नोंदवा आणि आलेखावर फक्त तीच मांडा. उरलेल्या पिशव्यांत शिकवा. नाहीतर शिकवतानाचे आकडे चांगले दिसतात आणि खरं चित्र कळत नाही. अचूकता स्थिर होईपर्यंत वेगाचा विचार नको, पण झाल्यावर जरूर करा. कामाच्या ठिकाणी तासाला किती पिशव्या होतात हे विचारलं जाईलच.

असीम

जागेबद्दल शेवटचं. शाळेच्या टेबलावर पक्कं झालेलं काम दुसऱ्या खोलीत मोडलं तर घाबरू नका, पण त्यासाठी शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. आत्तापासूनच आठवड्यातून दोनदा दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या आकाराच्या स्क्रूंनी, वेगळ्या माणसासोबत. सुरुवातीपासून वेगवेगळं मिळालं तर 'याच खुर्चीवर, याच बाईंसमोर' हे त्याच्या डोक्यात बसत नाही. प्रत्यक्ष कामाच्या जागी पाठवाल तेव्हा साचा, 'मदत' कार्ड आणि 'झालं' खोकं सोबत द्या. तिथल्या सहकाऱ्याला एकच गोष्ट सांगा: त्याने कार्ड दिलं की लगेच मदत द्या, नुसतं बघितलं तर काहीच बोलू नका.

रेवा

अंतराचे टप्पे आणि नवं उद्दिष्ट पुढच्या आयईपी बैठकीत मांडते. पालकांनाही 'मागे उभं राहणं' दाखवावं लागेल, घरी सगळे समोर बसूनच सांगतात.

ऋजुता (वाचा-भाषा उपचार)

घरी हेच काम नको, दुसरं एखादं छोटं घ्या, म्हणजे चुकीची सवय या कामात शिरणार नाही. पालकांना पहिल्यांदा दाखवताना विद्यार्थी नसू दे. एका पालकाला खुर्चीत बसवून त्यांच्याच कोपराला स्पर्श करून दाखवा. किती हलकं हवं हे तेव्हाच कळतं.