एटीव्ही घेतोय: बेल्टवाली की गिअरवाली? आणि सीसी किती?

मेपलवाडी
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी अमेरिकेत व्हरमाँटमध्ये घर घेतलं. मागे ९ एकर रान, सगळं उतारावर, त्यात साठेक शुगर मेपल. यंदा त्यातल्या ४० झाडांना बादल्या लावल्या. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं अशा दिवसांत झाडं रस देतात. ४० गॅलन रस आटवावा तेव्हा जेमतेम एक गॅलन पाक पदरात पडतो. तो सगळा रस मी आणि बायकोने हातात बादल्या घेऊन खालच्या शेडपर्यंत वाहिला. मार्चअखेर दोघांच्याही पाठी कामातून गेल्या होत्या, म्हणून आता एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, हँडलने वळवायची चारचाकी रानगाडी.

डोक्यात तीन गाड्या आहेत. होंडाची रँचर ४२०, पायाने गिअर टाकायची. तीच रँचर डीसीटीत, म्हणजे खरे गिअर पण ते आपोआप पडतात. तिसरी पोलॅरिसची स्पोर्ट्समन ५७०, बेल्टची सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नाहीत, दोन पुल्यांवरचा पट्टाच वेगाप्रमाणे आपोआप जुळवून घेतो. शेजारी म्हणतो, ८५०ची दोन सिलिंडरवाली घे, नंतर पस्तावशील.

माझं मत सांगून टाकतो: गिअरवालीच. ओझं ओढायला रबराचा पट्टा हे मला पटतच नाही. पायाचे गिअर स्वस्त पडतात, बिघडायला फारसं काही नाही. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी जरूर भांडावं, चेक अजून फाडलेला नाही.

बर्फाळ_बापू
भांडतोच. इकडे मेन राज्यात माझा नववा हिवाळा चाललाय. तू मेपलचे सहा आठवडे मोजलेस, बर्फाचे चार महिने विसरलास. तुझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण काढणार? पुढे पातं लावून बर्फ ढकलायचा म्हणजे दहा पावलं पुढे, दहा मागे, असं पन्नास वेळा. पायाच्या गिअरवर रिव्हर्स टाकायचा तर आधी न्यूट्रल, मग डाव्या हाताने रिव्हर्सचं बटण आणि ब्रेक एकत्र धरायचा, मग जाडजूड बुटाने गिअर खाली दाबायचा. उणे वीसमध्ये हे करून बघ. सीव्हीटीत ब्रेक दाबला, दांडा सरकवला, झालं.

आणि 'रबराचा पट्टा' म्हणून नाक मुरडू नकोस. पुण्यात कोणे एके काळी अख्खं सदाशिव पेठ ज्या किनेटिक होंडावर फिरलं तिच्यात हाच पट्टा होता, आजच्या अ‍ॅक्टिव्हात तोच आहे. पोलॅरिस १९८५पासून एटीव्हीत बेल्टच वापरतेय.

घाटउतार
बापू, अ‍ॅक्टिव्हाचं नाव काढलंस ते बरं झालं. अ‍ॅक्टिव्हावरून कधी घाट उतरलायस?

मी चिपळूणचा. वडील एसटीत ड्रायव्हर, कुंभार्ली घाटात निम्मी नोकरी गेली. त्यांचा नियम एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. स्कूटरला हे जमत नाही. थ्रॉटल सोडला, वेग उतरला की तिचा वेगावर पकडणारा क्लच सुटतो (बऱ्याच बेल्टवाल्या एटीव्हींत पुढची पुली उघडून बेल्टच ढिला पडतो) आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी सुटते. मग भिस्त फक्त ब्रेकवर.

धागाकर्त्याची शेड खाली आहे, झाडं वर. म्हणजे चढताना ट्रेलरवरची रसाची टाकी रिकामी, उतरताना भरलेली. आणि सगळे इथे ओढ कोणाची जास्त ते मोजतायत!

मेपलवाडी
घाटउतार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपला चढाचाच विचार करत बसलो होतो. टाकी ६५ गॅलनची घ्यायचा विचार आहे. रसाचं वजन गॅलनला साडेआठ पौंडांच्या आतबाहेर, म्हणजे ५५० पौंड. ट्रेलर धरून साडेसातशे. रँचरची ओढायची मर्यादा ८४८ पौंड आहे, त्यात बसतं.

गिरीश_ग्रीस
कागदावर बसतं. मार्चमधल्या चिखलात, उतारावर, ती गाडी त्या वजनाला धरून ठेवेल का हा प्रश्न वेगळा. मर्यादेच्या शंभर पौंड जवळ जाऊन उतारावर चालवू नये. होंडाचीच मोठी फोरमन किंवा रुबिकॉन ५२० बघ.

बर्फाळ_बापू
घाटउताराचा मुद्दा निम्मा खरा. सरसकट सगळ्या सीव्हीटी सुटत नाहीत. यामाहाच्या ग्रिझलीत बेल्ट कायम ताणलेला असतो, पकडायचं काम वेगळा क्लच करतो, आणि उतारावर चाकं उलट इंजिनाला फिरवू लागली की एकमार्गी क्लच त्यांना धरतो. फोर व्हीलमध्ये टाकलीस तर चारही चाकांवर धरते. इंजिन ६८६ सीसीचं, एकच सिलिंडर, ओढायची मर्यादा १,३२२ पौंड. पोलॅरिसमध्येही इंजिन ब्रेकिंगची सोय आहे, पण अगदी रांगत्या वेगाला ती सोडून देते हे मीच कबूल करतो.

आता उलट प्रश्न. तुझ्या लाडक्या पायाच्या गिअरवाल्या रँचरला क्लचचा दांडा आहे का? नाही. आत वेगावर पकडणारा क्लच आहे, जुन्या हिरो होंडा स्ट्रीटसारखा. मग तोही वेग उतरला की सुटणारच ना?

घाटउतार
सुटत नाही. त्या क्लचमध्येही एकमार्गी जोड आहे, तू आत्ताच ग्रिझलीत सांगितलास तसाच. पहिल्या गिअरला उतरव, थ्रॉटल सोड, इंजिन गुरगुरत गाडी धरून ठेवतं. मी हे चुलतभावाच्या फार्मवर लाकडं भरलेल्या ट्रेलरसकट केलंय.

बाकी ग्रिझली चांगली हे मान्य. मग भांडण 'बेल्ट की गिअर' असं राहतच नाही, थ्रॉटल सोडल्यावर चाकं इंजिनाला बांधलेली राहतात की नाही एवढंच उरतं. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, तिथे फक्त घोडे (हॉर्सपॉवर) मोजतात.

सौ_धुरंधर
८५०वाल्या शेजाऱ्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. आमच्याकडे आहे दोन सिलिंडरची ८५०. नवऱ्याची हौस. ट्रेलवर पळवायला मजा येते यात वाद नाही. पण भरलेलं ओझं घेऊन झाडांमधून आपण जातो ताशी चार-पाच मैलांनी. त्या वेगाला सत्तर-अठ्ठ्याहत्तर घोडे काय करणार, गोठ्यात उभे राहणार. उलट अंगठ्याचा थ्रॉटल जरा जास्त दाबला गेला की गाडी उडी मारते आणि मागच्या बादल्या कलंडतात. मोठं एक सिलिंडर खालच्या वेगाला शांतपणे ओढतं. जड गाडी चिखलात रुतली की बाहेर काढायला दोन माणसं लागतात तेही सांगून ठेवते.

धागाकर्ते, घरात मुलं आहेत का? मोठ्यांसाठीची गाडी सोळाच्या आत चालवायची नाही, आणि एका माणसाच्या सीटवर मागे कुणाला बसवायचं नाही. 'शेतातच तर आहे' म्हणून सगळे बसवतात.

मेपलवाडी
मुलगा ११ वर्षांचा. त्याने किल्ली कुठे टांगायची तो खिळासुद्धा निवडून ठेवलाय. तुमची प्रतिक्रिया त्याला वाचायला दिली, आता तो तुमच्यावर नाराज आहे.

गिरीश_ग्रीस
मी गाड्या उघडतो-जोडतो, पोट त्यावरच आहे. दोन्ही बाजूंचे अर्धवट मुद्दे पुरे करतो.

बेल्ट जळतो तो बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या हाताने. ओझं मागे आणि दांडा 'हाय'वर (वेगाची रेंज; संथ, जड ओढीसाठी 'लो' असते) ठेवून ढकलत राहतात. पोलॅरिसच्या पुस्तिकेतच लिहिलंय की सरासरी वेग ताशी ७ मैलांच्या खाली असेल तर 'लो'त चालवा. वाचतं कोण? मी स्वतःची पहिली गाडी (कंपनी सांगत नाही, दोष माझा होता) ओंडका ओढताना 'हाय'मध्ये ठेवली. जळक्या रबराचा वास आला, वाटलं जंगलात कुणीतरी टायर पेटवलाय. झाकण उघडलं तर बेल्टला एका जागी तळहाताएवढा काळा चकचकीत चट्टा, आणि थंड झाल्यावर त्या जागी दर फेऱ्याला धक्का बसायचा.

पण तोच बेल्ट मी तिथेच, पाऊस चालू असताना, सीटखालचा जादा काढून तासाभरात बदलला आणि घरी आलो. डीसीटी जंगलात बसली तर तुम्ही चालत घरी येता. तिच्यात दोन क्लच असतात, एकी गिअरांना एक, बेकी गिअरांना एक, दोन्ही तेलात. क्वचितच बिघडते, पण बिघडली की काम माझ्यासारख्याकडे आणि बिल मोठं. तेल वेळेवर बदलणार नसाल तर डीसीटी घेऊ नका.

पायाचे गिअर सगळ्यात टिकाऊ, यात मेपलवाडी बरोबर. होंडाचं इंजिन उभं लांबीत बसवलेलं असतं, त्यामुळे पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद सरळ जाते, वाटेत काटकोनात वळवावी लागत नाही. म्हणून ४२० सीसी असूनही ओढताना वाटते त्याहून मोठी भासते.

बर्फाळ_बापू
गिरीश, तू कुणाच्या बाजूने आहेस?

गिरीश_ग्रीस
गिऱ्हाइकाच्या. दोन्हीकडची येतात.

घाटउतार
डीसीटीबद्दल एक राहिलं. रँचरच्या डीसीटीत वेगळी लो रेंज नाही, रुबिकॉन ५२०च्या डीसीटीत आहे. उताराला ती हवीच. आणि उतरताना ऑटोवर ठेवू नकोस, ती तिच्या मनाने वरचा गिअर टाकते. मॅन्युअलवर घेऊन बटणाने खालचा धरून ठेव.

सौ_धुरंधर
आणि मागचा अ‍ॅक्सल? स्वतंत्र सस्पेन्शन मुळांवरून, खडकांवरून मऊ जातं, पाठीला बरं. पण ट्रेलरचं वजन आलं की मागून बसतं. सलग अ‍ॅक्सलवाली बसत नाही, मात्र कंबर मोडते. ज्यांच्या पाठी मार्चमध्येच गेल्यात त्यांनी काय ते ठरवावं.

बर्फाळ_बापू
वहिनींना अनुमोदन. बर्फाला मी अजूनही बेल्टच म्हणेन. वर्षात तो रस ओढणार पंधरा दिवस, बर्फ काढणार पन्नास दिवस. रोजचं काम बघून गाडी घ्यावी.

घाटउतार
बर्फ काढताना गिअर अडला तर शिवी हासडून पुन्हा टाकता येतो. साडेसातशे पौंड मागून ढकलत असताना गाडी सुटली तर शिवी द्यायलाही वेळ नसतो. पन्नास दिवसांची कटकट एका पारड्यात आणि तो एक दिवस दुसऱ्या पारड्यात, मी दुसरंच पारडं बघेन. तू ग्रिझली सुचवलीस तर मी गप्प बसायला तयार आहे.

बर्फाळ_बापू
मग बस गप्प. मी दुपारीच सुचवली होती.

मेपलवाडी
उशिरा लिहितोय, काल दिवसभर दोन शोरूम फिरलो. एकाने विचारलं, "किती वेगाने पळवणार?" मी म्हटलं, बैलगाडीच्या. तो जरा हिरमुसला.

रँचर यादीतून काढली, वजनाचं गणित फारच काठावर होतं. ८५० आणि स्पोर्ट्समनही काढल्या. उरल्या रुबिकॉनची डीसीटी आणि ग्रिझली. शोरूमवाले उतारावर ओझ्यासकट चालवू देत नाहीत, सपाट पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून काय कळणार? खालच्या रस्त्यावरच्या एका आजोबांकडे जुनी ग्रिझली आहे. शनिवारी ते घेऊन येतायत. टाकीत विहिरीचं पाणी भरून वरून खाली आणून बघणार, आधी थोडं, मग पूर्ण.

गिरीश_ग्रीस
'थोडं' नको! अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट. आतलं पाणी डचमळतं, उतारावर पुढे येऊन आदळतं आणि गाडीला मागून ढुशी देतं. आत आडव्या फळ्या असलेली टाकी मिळते ती बघ, नाहीतर लहान टाकी घेऊन काठोकाठ भर. शनिवारी पाण्याऐवजी आधी वाळूची पोती टाक.

मेपलवाडी
पोती आहेत. टाकी ६५ऐवजी ३५ची मागवली, दोन खेपा जास्त झाल्या तर झाल्या. शनिवारी रात्री कळवतो.