प्रत्यक्ष प्रमाण आणि नैयायिकांचा वास्तववाद: सुरुवात कुठून करू?

धागाकर्ता: लॉक, बर्कली वगैरे युरोपीय तत्त्वज्ञांचं थोडं वाचलंय, म्हणजे आपल्याला वस्तू दिसते की तिचं मनातलं चित्र दिसतं हा वाद. कुणीतरी म्हणालं की न्यायदर्शनात (ते मानणारे म्हणजे नैयायिक) सरळ वस्तूच दिसते असं ठाम मांडलंय, तेव्हापासून हे नीट वाचायचंय. संस्कृत दहावीपर्यंतचं आहे. इतिहासाचे जाड खंड नकोत, त्यात प्रत्यक्षावर, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानावर, येईपर्यंत दम निघतो. मराठी इंग्रजी दोन्ही चालेल.

घटपट: अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घ्या, दुसरं काही आधी नको. १७ व्या शतकातलं छोटं पुस्तक आहे, त्यातला प्रत्यक्षखंड एका बैठकीत होतो. आठल्यांच्या टिपा आणि बोडसांची प्रस्तावना-भाषांतर असलेली इंग्रजी आवृत्ती मिळवा, १८९७ ची, बॉम्बे संस्कृत सिरीजमधली, टिपा अजूनही तोडीस तोड आहेत. सहा सन्निकर्ष, म्हणजे इंद्रियाचे वस्तूशी येणारे संबंध, तिथे घोटून घ्या. डोळ्याचा घटाशी संयोग, घटाच्या रंगाशी संयुक्तसमवाय (डोळ्याशी जोडलेल्या घटात रंग अंगभूत, म्हणून), असं करत करत शेवटी जमिनीवर घट *नाही* हेसुद्धा दिसतं म्हणतात! भाट्ट मीमांसक (मीमांसादर्शनाची एक शाखा) त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे वेगळं प्रमाण, ज्ञानाचं साधन, मानतात, नैयायिक म्हणतात गरज नाही, अभावही डोळ्यानेच कळतो.

धागाकर्ता: धन्यवाद. पण मग शिंपला चांदी म्हणून दिसतो तेव्हा काय? समोर चांदी नाहीच, तर सरळ दिसलं काय?

घटपट: हाच खरा प्रश्न, म्हणून तर्कसंग्रहानंतर लगेच ख्यातिवाद, म्हणजे भ्रम कसा होतो यावरची मतं, वाचा असं माझं स्पष्ट मत आहे. नैयायिकाची अन्यथाख्याती अशी: समोरच्या वस्तूशी डोळ्याचा संबंध खरा आहे, तिची चकाकीही खरी, त्या चकाकीने आधी पाहिलेली चांदी आठवते आणि ती आठवणच सन्निकर्षाचं काम करते, म्हणजे दिसते ती बाजारातली खरीखुरी चांदी, फक्त नको तिथे. मधे मनातलं चित्र कुठेच येत नाही. चंदन लांबून बघूनच सुगंधी वाटतं, तिथेही हेच ज्ञानलक्षण (आठवणीमार्फत जुळणारा संबंध) लावतात. मला हे ओढूनताणून वाटत नाही, उलट भ्रमासाठी एक वेगळी मानसिक वस्तू उभी करणं जास्त महाग पडतं.

निर्विकल्प: घटपट यांच्याशी बराच सहमत, पण विरोधक न वाचता नैयायिक कळत नाही हो. बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग म्हणतो प्रत्यक्ष म्हणजे कल्पनापोढ, कल्पनेपासून मुक्त, नाव-जात चिकटली की ते प्रत्यक्ष राहिलंच नाही. ‘ही गाय आहे’ हेसुद्धा दिसतंच असं नैयायिक इतक्या हट्टाने का म्हणतात ते त्याच्यासमोर ठेवल्यावरच उलगडतं. त्याच बौद्ध परंपरेतल्या धर्मकीर्तीचा न्यायबिंदू छोटा आहे, पहिला परिच्छेद पुरे. आणि बिमल कृष्ण मतिलाल यांचं १९८६ चं ‘पर्सेप्शन’ चुकवू नका, न्यायाच्या बाजूने लढवलेलं आहे पण बौद्धांना पूर्ण बोलू दिलंय. जड जाईल, सावकाश घ्या.

घटपट: मतिलालना +१. फक्त ते तिसरं ठेवा, सन्निकर्ष आणि ख्याती पक्के झाल्यावर. आणि ख्यातिवाद वाचताना प्राभाकरांची (मीमांसेची दुसरी शाखा) अख्याती सोडू नका, ते म्हणतात भ्रम असं एक ज्ञान नसतंच, शिंपल्याचं दिसणं आणि चांदीची आठवण यातला फरक लक्षात येत नाही इतकंच. वास्तववादी तेही आहेत, त्यामुळे घरातलंच भांडण आहे आणि तेच सगळ्यात धारदार आहे.

धागाकर्ता: ठीक, तर्कसंग्रह उद्याच शोधतो. सन्निकर्षात अडलो की इथेच विचारेन.