पाटीवर ‘शोध’ लिहू का ‘आविष्कार’?

सेलूकर मास्तर
परवा शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. सातवीतल्या एका लेकरानं जुन्या सायकलच्या चाकाचं, पिकातलं तण काढायचं कोळपं केलंय. चाकामागं पास (तण कापणारं पातं) आणि मुठीला सीटचा दांडा. नट ढिला केला की मूठ त्याच्याही उंचीला येते, बापाच्याही. पाटीवर मी ‘नवा शोध’ लिहिलं, तर म्हणतो, “सर, शोध कामून म्हणायलाव? शोध तं हरवलेल्या म्हशीचा घेतेत.” सहकारी म्हणाले, ‘आविष्कार’ लिहा, भारदस्त वाटतं. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येईना.

गोदाकाठ
लेकरू बरोबर आहे, पण अर्धंच. इथं सगळं क्रियापदावर आहे. म्हशीचा शोध घेतात, यंत्राचा लावतात. घोळ पुढं आहे. कोलंबसानं १४९२ मध्ये अमेरिकेचा शोध ‘लावला’ (तिथं माणसं राहतच होती, ते सोडा) आणि बेलनं १८७६ मध्ये टेलिफोनचाही ‘लावला’. एक गोष्ट आधीपासून होती, दुसरी नव्हतीच.
‘आविष्कार’ या अर्थानं हिंदीतला. आपल्याकडं आविष्कार म्हणजे आतलं बाहेर प्रकट होणं. कलाविष्कार म्हणतो ना, तसं. कोळप्याचा आविष्कार लिहिलात तर लोक ते नाचायची वाट बघतील. ‘संशोधन’चंही तेच, हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्तीही होतो.

जुना परभणीकर
आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. नव्यानं घडवलं तर ईजाद, असलेलं सापडलं तर दरयाफ्त. मराठीला हसायचे, “एका खुंटीला दोन सदरे!”

काळा कोट
१९७० च्या पेटंट कायद्यातही निसर्गात असलेली वस्तू नुसती सापडली तर ते इन्व्हेन्शन धरत नाहीत. म्हणजे कोलंबस बाद. पण मास्तर, सायकल कोळपी बाजारात कधीपासून मिळतात. आधी ‘नवा’ पुसा. दांड्याची करामत तेवढी पोराची.

सेलूकर मास्तर
पुसला. ‘शोध’ही पुसला. त्याची आजी शाळेत आली होती, ती म्हणाली, “नातवानं युक्ती काढली.” तेच घेतलं. पाटी अशी: ‘उंची बदलणारं सायकल कोळपं. युक्ती: इयत्ता ७ वी.’
लेकरू पाटीसमोर उभं राहून म्हणतंय, “सर, युक्ती म्या काढली आन् नाव सातवीचं कामून?”
खडू पुन्हा हातात घेतलाय.