सोसायटीत धूम्रपानबंदी: जिन्यापुरती की घरातही?

ठरावखोर: बंदीला पाठिंबा किती, हे सभेत हात वर करून कळत नाही. शेजारच्या खुर्चीवर सिगारेटवाला बसला असताना हात कोण उचलणार? प्रत्येक फ्लॅटला निनावी चिठ्ठी द्या आणि चार जागा वेगवेगळ्या विचारा: लिफ्ट-जिना, गच्ची, बाल्कनी, घराच्या आत. नुसतं 'बंदी हवी का?' विचारलं की जिन्यासाठी दिलेला होकार बेडरूमलाही चिकटवला जातो. भाडेकरूंनाही चिठ्ठी द्या. सभेत मत नसलं तरी धूर त्यांच्याही नाकात जातो. मला विचाराल तर चारही ठिकाणी बंदी हवी.

बाल्कनीबहाद्दर: लिफ्ट-जिना कबूल. पण घरात? २००३ च्या तंबाखू कायद्यातली बंदी सार्वजनिक जागेपुरती, दंड २०० रुपयांपर्यंत. माझा हॉल त्यात बसत नाही. घरात बंदी आणायला उपविधी, म्हणजे सोसायटीचे नोंदलेले नियम, बदलायचे तर १४ दिवसांची नोटीस, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश बाजूने, वर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणी. ठराव करून नुसता फलक लावलात, तर पहिली कायदेशीर नोटीस आली की उतरवाल.

डक्टवाला: आधी धूर कुठून येतो ते बघा. पुष्कळदा तो बाथरूमच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतून येतो. खालचा एक्झॉस्ट डक्टमध्ये धूर फेकतो. वर स्वयंपाकघरात चिमणी चालू, खिडक्या बंद. मग चिमणीला लागणारी हवा बाथरूमच्या बंद फॅनमधूनच ओढली जाते, धुरासकट! फॅनपाशी अगरबत्ती धरा, धूर घरात वळला तर समजा. फॅनला मागे झापड बसवा, पाइपांभोवतीच्या फटी सिलिकॉनने बुजवा, चिमणी चालू असताना हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

ठरावखोर: याने धूर कमी होईल, बंद नाही. आणि ओढणार एक, खर्च दुसऱ्याचा?

डक्टवाला: खर्चाचं बरोबर आहे. ते सोसायटीने करावं, डक्ट सामाईकच असतो.

ठरावखोर: बाल्कनीचं काय मग? जर्मनीत केंद्रीय न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये म्हटलं की, त्रास खरोखर मोठा असेल तर शेजाऱ्याला बाल्कनीत बिनधुराच्या वेळा मागता येतात.

बाल्कनीबहाद्दर: वेळा चालतील, सरसकट बंदी नाही. त्या वेळांत जायला गच्चीचा कोपरा द्या, वर पत्रा असलेला. तिथे वाळू भरलेला पत्र्याचा डबा ठेवा. प्लास्टिकची बादली नको, थोटकाने वितळते. डबाच नसला की थोटकं खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतात आणि भांडण धुराचं न राहता चादरीचं होतं.